एन्टेकाव्हीर की टॅफ: किडनी आधीच कुरकुरत असेल तर

हेपॅटायटिस बी आणि वर क्रिएटिनिनही (किडनी किती साफ करते ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं, अशा माणसासमोर विषाणू दाबायला फिरून फिरून हेच दोन पर्याय येतात, एन्टेकाव्हीर किंवा टॅफ, म्हणजे टेनोफोव्हीरचाच नवा प्रकार. जुनं टेनोफोव्हीर, ३०० मिग्रॅ वालं टीडीएफ, वाईट नाही हां. माझा धाकटा भाऊ तेच घेतो, सरकारी सेंटरवरून फुकट आणतो, किडनी ठणठणीत. पण ते काही जणांच्या किडनीच्या नलिकांना त्रास देतं, फॉस्फरस लघवीवाटे जातो, हाडं ठिसूळ होतात, म्हणून माझ्या बाबतीत डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ते बाजूला काढलं.

माझं प्रकरण उलट्या बाजूने उघडकीला आलं. लिव्हरची काही तक्रारच नव्हती, लघवीला फेस यायचा आणि संध्याकाळी पायावर मोज्याचे वळ, वाटलं दुकानात दिवसभर उभं राहून होत असेल. बायोप्सीत मेम्ब्रेनस निघालं, म्हणजे किडनीच्या गाळणीचा आजार, माझ्या बाबतीत हेपॅटायटिस बीमुळे झालेला. विषाणूचे अंश आणि त्यांच्यावर आपल्याच शरीराने सोडलेल्या अँटीबॉडीज एकमेकांना चिकटून किडनीच्या गाळणीत बसतात आणि प्रोटीन गळायला लागतं. त्यामुळे आधी विषाणू दाबायचा, नुसती स्टिरॉइड दिली तर तोच उसळू शकतो. (हेपॅटायटिस सी वाल्यांची किडनीही बिघडते, पण त्यांचा साधारण १२ आठवड्यांचा कोर्स झाला की विषाणू बहुतेकदा जातोच, आपलं वर्षानुवर्षं चालतं.)

एन्टेकाव्हीर मी चौदा महिने घेतलं. काम चोख, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, आठव्या महिन्यात सापडेनासा झाला. कटकट दोन. एक म्हणजे उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास, आणि दुकानात बसणाऱ्या माणसाला चहाशिवाय चार तास कसे मिळणार, म्हणून रात्री साडेअकरापर्यंत डोळे ताणून बसायचो. तेही जमवलं असतं. पण क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते तो आकडा) पन्नासच्या खाली गेला की डोस कमी होतो, मला ०.५ ची गोळी एक दिवसाआड दिली होती, आणि तिथे माझा घोळ झाला. मी विषम तारखा धरल्या, कालनिर्णयवर गोल करून ठेवले, छान चाललं आणि मग ३१ तारीख आली, दुसऱ्या दिवशी १. दोन दिवस ओळीने घेतली. पुढच्या खेपेला ते टाळायला सम तारखा धरल्या आणि कुठे होतो तेच विसरलो, मग सरळ तीन दिवस खाडा. बायको म्हणाली, अहो, एकादशी लक्षात राहते तुमच्या, गोळी कशी राहत नाही! फायदा एकच, दहाची स्ट्रिप वीस दिवस पुरायची.

टॅफ २५ मिग्रॅ, रोज एक, जेवणासोबत, संपलं. औषध टेनोफोव्हीरच, पण रक्तात कमी फिरतं आणि लिव्हरच्या पेशीत जास्त पोचतं म्हणून एवढ्याशा डोसात भागतं आणि किडनीवर भार कमी. क्लिअरन्स १५ पर्यंत डोस बदलावा लागत नाही. त्याखाली आणि डायलिसिस नसेल तर मात्र देत नाहीत, डायलिसिसवाल्यांनी त्या दिवशी डायलिसिस झाल्यावर घ्यायचं. माझं क्रिएटिनिन १.७ होतं, आता दीड वर्षाने १.५ आहे, फेसही कमी आहे, पण श्रेय गोळीचं की बीपीच्या औषधाचं की मीठ सोडल्याचं, देव जाणे. कोलेस्टेरॉल थोडं वर सरकलंय तेवढं खरं.

सगळ्यांना टॅफच घ्या असं म्हणणार नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर ते जमत नाही, मग एन्टेकाव्हीरच बरं. उलट पूर्वी लॅमिव्ह्युडिन (हेपॅटायटिस बीचंच जुनं औषध) घेतलं असेल तर एन्टेकाव्हीर कमी पडू शकतं, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. आणि बदलताना मधे गॅप नको, आपल्या मनाने बंद तर अजिबात नको, लिव्हर भडकते.

मला विचाराल तर ज्याला रोजची सवय लावणं सोपं जातं त्याने टॅफकडे बघावं. माझी डबी आता जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी असते. लोणचं बंद झालंय, बरणी मुलं वापरतात.