स्वमग्न मुलाचा पहिला विमानप्रवास आणि कानावरचे इअरमफ

लहान मुलांसाठी मिळणारे, बॅटरी नसलेले, दोन्ही कान पूर्ण झाकणारे इअरमफ बहुतेक पालक विमानात घालण्यासाठी म्हणून घेतात. आम्हीही आमच्या आठ वर्षांच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या नागपूर ते पुणे या पहिल्या प्रवासासाठी तसेच घेतले, पण त्यांचा खरा उपयोग विमानतळावर झाला आणि विमानात तो बेताचाच राहिला.

याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. फोम भरलेल्या कठीण प्लॅस्टिकच्या वाट्या उंच पट्टीचे आवाज चांगले अडवतात. इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर मात्र बरीचशी आत येते. ती कमी करण्यात नॉइज कॅन्सलिंग हेडफोन सरस ठरतात, परंतु ते महाग असतात, चार्ज करावे लागतात आणि ते सुरू केल्यावर कानात दाब आल्याचा जो भास होतो, तो काही मुलांना मुळीच सहन होत नाही. इअरमफच्या खोक्यावर छापलेला 25 डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला आहे, हेही लक्षात ठेवावे; मध्ये चष्म्याची काडी किंवा दाट केस आले की तेवढा आवाज अडत नाही.

ही वस्तू आदल्या दिवशी आणून भागत नाही. आम्ही ती आधी घरात मिक्सर सुरू असताना आणि नंतर मेट्रोत घालून पाहिली. नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइन विमानतळाजवळून जाते हा योगायोग सोडा, पण स्थानकात शिरताना बॅग यंत्रात सोडणे आणि धातुशोधक चौकटीतून जाणे हे सारे विमानतळावरच्या तपासणीसारखेच असते, त्यामुळे तालमीसाठी याहून स्वस्त सोय शहरात मला तरी माहीत नाही. ‘काढ, ट्रेमध्ये ठेव, चौकटीतून जा, परत घाल’ अशी चार चित्रे एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवली होती आणि प्रत्येक टप्पा झाला की मुलगा त्या चित्रावर बोट ठेवत असे.

या तालमीचे मोल विमानतळावर कळले. प्रवेशद्वाराची गर्दी, उद्घोषणा, ट्रॉल्यांचा खडखडाट या सगळ्यांत इअरमफ उत्तम चालले. परंतु सुरक्षा तपासणीत ते काढून ट्रेमध्ये ठेवावे लागतात आणि जवानाच्या हातातले यंत्र कमरेच्या बकलाजवळ नेमके तेव्हाच वाजते. म्हणजे गरज सर्वाधिक असते त्या क्षणी ते कानावर नसतात. त्या वेळी तळहातांनी कान झाकायचे, हेही आधीच शिकवून ठेवावे, आणि मदत हवी असल्यास विमान कंपनीला किमान 48 तास आधी मुलाच्या स्वमग्नतेची कल्पना द्यावी.

विमानातली सलग घरघर आमच्या मुलाला फारशी खटकली नाही. नागपुरात उन्हाळाभर कूलरशेजारी झोपणाऱ्या मुलाला ती ओळखीचीच वाटली असावी. शौचालयातल्या फ्लशचा अचानक होणारा कर्कश आवाज मात्र इअरमफने पुष्कळ बोथट केला. विमान उतरताना कानात बसणाऱ्या दड्यांवर त्यांचा काहीही उपाय नाही, कारण तो प्रश्न आवाजाचा नसून हवेच्या दाबाचा आहे. त्यासाठी विमान खाली येऊ लागताच घोट घोट पाणी किंवा चघळायला काहीतरी द्यावे.

दोष दोन आहेत. रेक्झिनसारखी गादी मे महिन्याच्या उन्हात घामाने चिकटते; आजीने तिच्यावर जुन्या मलमलीचे आवरण शिवून दिल्यावरच मुलाने ते मुकाट्याने घातले, मात्र आवरणामुळे आवाज थोडा अधिक आत येतो. दुसरे, डोक्यावरची पट्टी नवी असताना फार आवळते, म्हणून ती जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवावी. घेताना परत करण्याची सोय असलेल्या दुकानातूनच घ्यावेत आणि मापासाठी वयाच्या आकड्यावर न विसंबता मुलाच्या डोक्याचा घेर मोजून पाहावा.