सोफा की झोपाळा? बडोद्याच्या फ्लॅटमध्ये हॉल लावताना

नवा फ्लॅट ताब्यात आला की सगळ्यात जास्त चर्चा हॉलची होते. किचनचा ओटा बिल्डरने घालून दिलेला असतो, बेडरूममधला पलंग आणि कपाट कुठे जाणार हे भिंतीच सांगतात. हॉलमध्ये मात्र खरी निवड असते, आणि आपल्या बडोद्यात ती फिरून फिरून दोन गोष्टींवर येते: एल आकाराचा सोफा घ्यायचा, की छताला झोपाळा टांगायचा. सोळा बाय अकराच्या हॉलमध्ये दोन्ही कोंबले तर चालायला जागा उरत नाही. आम्ही मांजलपूरला राहायला आलो तेव्हा आधी सोफा घेतला. साडेतीन वर्षं तो वापरला. आता झोपाळ्याचं पाचवं वर्ष चालू आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचं जे पदरी पडलं ते सांगतो.

सोफ्याची बाजू आधी, कारण ती कमकुवत नाही. सहा माणसं एकदम आली तर सहाही जण टेकून बसतात. मॅच असेल, दिवाळीचा फराळ असेल, मुलीच्या मैत्रिणी आल्या असतील, कुणाला खुर्ची शोधावी लागत नाही. रात्री कुणी राहिलं तर एक माणूस त्यावर आरामात झोपतो. भाड्याच्या घरातून निघताना तो टेम्पोत घालून नेता येतो, छताला भोकं पाडली म्हणून मालकाशी वाद नाही. इंटिरियरवाल्याच्या नकाशात सोफा आणि समोर टीव्ही युनिट आधीच काढलेलं असतं, आणि तसं केलं की खोली पहिल्या दिवसापासून भरलेली दिसते. आम्हीही तेच केलं होतं. राखाडी रंगाचा सोफा होता, दिसायला छान.

मे महिन्यात रेक्झिन अंगाला चिकटतं, एलच्या कोपऱ्यात बसलेल्याचे गुडघे शेजारच्याला लागतात, त्या कोपऱ्यात शेवटी वाळलेल्या कपड्यांचा ढीग येऊन बसतो. सोफ्याखाली झाडू पूर्ण जात नाही आणि आठवड्याभरात तिथे धुळीची रेघ दिसते. पण या गोष्टी सोसण्यासारख्या आहेत. मीही सोसल्याच. एक गोष्ट मात्र सोसवली नाही, ती म्हणजे त्यातून उठणं.

आमच्या सोफ्याची बैठक जमिनीपासून सोळा इंचांवर होती. माणूस बसला की फोम आणखी दोन इंच दबायचा. पुढच्या कडेपासून पाठीपर्यंत चोवीस इंच. तरुण माणूस त्यात मागे रेलला की सुखावतो. पण गुडघे कमरेच्या वर गेले की उठताना आधी सगळं अंग पुढे आणावं लागतं, वजन पावलांवर घ्यावं लागतं, आणि मग मांड्यांनी ते उचलावं लागतं. आईला तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं, दोन्ही गुडघे दुखायचे. ती आधी सरकत सरकत कडेला यायची. मग एक हात गादीवर टेकायची, तर गादीच खाली जायची. दुसरा हात हवेत. "हात दे रे." दिवसातून दहा वेळा मी, बायको, नाहीतर मुलगी हात द्यायचो. त्यात त्रास काहीच नव्हता.

मग तिने हात मागणं बंद केलं. आमच्या ते लवकर लक्षातही आलं नाही. तिने किचनच्या दाराशी एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेतली आणि तिथेच बसायला लागली. तिथून टीव्ही दिसत नाही, हॉलमधलं बोलणं अर्धवट ऐकू येतं. "इथे बरं वाटतं, वारा येतो," म्हणायची. त्या दाराशी वारा येत नाही, हे या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका संध्याकाळी नातेवाईक आले होते, हॉल भरला होता, सगळे हसत होते, आणि आई त्या खुर्चीवरून मान लांब करून विचारत होती, "काय झालं? कशाला हसताय?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी सोफा वाचवायचा प्रयत्न केला. पायांखाली लाकडी ठोकळे लावले, तर बायकोचे आणि मुलीचे पाय लोंबायला लागले. आईच्या पाठीशी जाड उशी ठेवली, ती सरकायची. कडक फोम भरून घेतला, तो वर्षभरात बसला. सोफ्याची उंची एकदा ठरली की ठरली.

माझं लहानपण दांडिया बाजारातल्या एका वाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. पुढच्या खोलीत सागवानी तुळईला कड्या होत्या आणि त्यांना झोपाळा. आजी पायाच्या अंगठ्याने जमिनीला हलकेच रेटायची, तेवढ्या जागी कोट्याची फरशी काचेसारखी गुळगुळीत झाली होती. अंधारात अनवाणी चालताना पावलाला ती जागा कळायची. रावपुऱ्याच्या तांबेकर वाड्यात लोक भित्तिचित्रं पाहायला जातात. तिथे गेलात तर एकदा वर, लाकडी छताकडेही बघा. तसल्या घरांत टांगायला आधार मुळातच होता. फ्लॅटमध्ये तो आपल्याला करून घ्यावा लागतो, आणि झोपाळ्याची खरी अडचण तिथेच आहे.

स्लॅब भरतानाच गजांना अडकवून हूक सोडलेले असतील तर अर्धं काम झालं. इथले बरेच बिल्डर हॉलमध्ये किंवा बाल्कनीत ते सोडतात, बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. नसतील तर स्लॅबला ड्रिल करून केमिकल अँकर बसवतात. हे काम पंखा लावणाऱ्याकडून करून घेऊ नये. तीन मोठी माणसं आणि सागवानी फळी मिळून अडीचशे किलो सहज होतात. झोका तीस अंशांपर्यंत गेला तर खालच्या टोकाला साखळ्यांवर त्या वजनाच्या सव्वापट ताण येतो, म्हणजे तीनशेच्या वर. आणि नव्या उंच इमारतींत पोस्ट-टेन्शन पद्धतीचा स्लॅब असेल तर बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावूच नका. त्यात ताणलेल्या पोलादी दोऱ्या असतात, एखादी तुटली तर प्रकरण झोपाळ्यापुरतं राहत नाही. पीओपीचं छत करणार असाल तर हूक आधी, पीओपी नंतर. आम्ही उलटं केलं आणि दोनदा पैसे मोजले.

करकर हा दुसरा त्रास. लोखंडावर लोखंड घासलं की आवाज येतो, आणि तो स्लॅबमधून वरच्या मजल्यावरही पोचतो. वरच्या काकूंनी आठव्या दिवशी खाली येऊन अगदी गोडीत सांगितलं, "भाऊ, रात्री दहानंतर जरा..." मग आम्ही बेअरिंगचे हूक बसवले. तेव्हापासून शांतता आहे. वर्षातून दोनदा ग्रीस लावतो. लहान मुलं असतील तर साखळीपेक्षा पितळी सळया बऱ्या, कड्यांत बोटं सापडत नाहीत. पितळ काळवंडतं. आमच्याकडे दिवाळीच्या आधीचा एक रविवार सळया घासण्यात जातो.

जागेचा हिशोब सोपा आहे. पुढे तीन फूट, मागे अडीच-तीन फूट मोकळे हवेत. तेवढे नसतील तर झोपाळा फक्त शोभेला राहील.

स्टँडवरचा झोपाळा हा मधला मार्ग म्हणून दुकानदार पुढे करतात. भाड्याच्या घराला तो ठीक आहे. पण झोक्याचा वेग टांगणीच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. छतापासून साडेसात-आठ फुटांची टांगणी असली की एक येरझार साधारण तीन सेकंदांत होते. स्टँडवर पाच फुटांची टांगणी, तिथे ती अडीच सेकंदांवर येते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. बसून पाहा, छतावरच्या झोपाळ्यात डोळा लागतो, स्टँडवरच्यात लागत नाही. निदान मला तरी लागला नाही.

बडोद्यात राहून संखेड्याचं नाव न घेता झोपाळ्याचा विषय संपत नाही. गाव इथून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर, 2013 पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात. खरादी कारागीर सागाचे खांब लेथवर फिरवून घडवतात, त्यावर लाखेचे रंग आणि सोनेरी नक्षी चढवतात. तो किरमिजी-सोनेरी रंग लग्नघरात खुलतोच. रोजच्या वापरात एक लक्षात ठेवा, लाखेला उष्णता सोसत नाही. चहाचा गरम कप टेकवला की पांढरट डाग पडतो. आमच्याकडे सकाळचा चहा झोपाळ्यावरच होतो, म्हणून आम्ही साधी पॉलिश केलेली सागाची फळी घेतली. जोडीला तिथल्याच दोन हाताच्या खुर्च्या आणल्या. सोफा गेल्यावर बसायच्या जागा कमी होतात, ती उणीव या खुर्च्या आणि एक सतरंजी मिळून भरून काढतात, पूर्ण नाही.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या बहिणीच्या घरी, समा भागात, कमरेइतकं पाणी होतं. पाणी उतरल्यावर तिचा सोफा चार जणांनी ओढत बाहेर काढला. प्लाय फुगून सुटला होता, फोममधून दोन दिवस काळं पाणी निथळत होतं. झोपाळ्याची फळी तिच्या मुलाने पाणी चढू लागताच सळयांवरून काढून माळ्यावर टाकली होती. नंतर पुसली, टांगली. आता ती सोफा घेणार नाही म्हणते.

गणपतीतही हे काढणं-लावणं उपयोगी पडतं. फळी काढून दाराआड उभी केली की हॉल मोकळा, मखराला ऐसपैस जागा. त्याच हुकांना भाचीच्या मुलाचा पाळणा बांधून आम्ही बारसंही केलं.

आता आईचं. झोपाळा टांगला त्या संध्याकाळी तिला बसवलं तर टाचा जमिनीला टेकेनात. मिस्त्रीने चारही बाजूंनी एकेक कडी वाढवली. मग जरा खाली वाटला, तेव्हा वरच्या हुकात फरक करून अर्धा इंच उचलला. तिसऱ्या वेळी पावलं सपाट टेकली, गुडघे कमरेच्या किंचित खाली राहिले. तिने दोन्ही सळया धरल्या, पाय जरा मागे घेतले आणि उभी राहिली. कुणाचा हात न घेता. मग पुन्हा बसली, पुन्हा उठली. आम्ही सगळे बघतोय हे तिला कळलं तेव्हा म्हणाली, "बघता काय, चहा टाका."

झोपाळा हलतो, तेव्हा उठताना तो पुढे येऊन पोटऱ्यांवर आदळण्याची भीती असते. पहिले पंधरा दिवस आमच्यापैकी कुणीतरी फळी धरून उभं राहायचं. मागच्या भिंतीला एक पट्टाही लावलाय, तो अडकवला की फळी स्थिर राहते. आणि ज्यांचा तोल जातो, ज्यांना चक्कर येते, त्यांच्यासाठी मी झोपाळा सुचवणार नाही. त्यांना हात असलेली, घट्ट बैठकीची लाकडी खुर्चीच बरी.

घर भाड्याचं असेल, स्लॅबला हात लावता येत नसेल, किंवा घरात रोज सात-आठ माणसांची ऊठबस असेल, तर सोफा घ्या. घेताना सतरा-अठरा इंच उंचीचा, कडक बैठकीचा घ्या, आणि दुकानात त्यावर दहा मिनिटं बसून हात न टेकता उठून पाहा. घर स्वतःचं असेल आणि छत परवानगी देत असेल, तर मला वाटतं झोपाळ्याचा विचार आधी करावा. प्लॅस्टिकची ती खुर्ची आता बाल्कनीत असते, तिच्यावर तुळशीची कुंडी आहे. आई संध्याकाळी पाचपासून हॉलमध्ये असते, मटार सोलते, शेजारच्या बेन येऊन तिच्या बाजूला बसतात, आणि टीव्ही बरेचदा लावायचा राहून जातो.

मिस्त्रीला बोलावण्याआधी एक करा. तुमच्या घरात ज्याला उठायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात त्याला साध्या लाकडी खुर्चीवर बसवा, पावलं सपाट टेकवायला सांगा आणि गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्यात एक इंच मिळवा, गादी वजनाने जेवढी दबते तेवढं आणखी मिळवा. आमच्याकडे गादीच्या वरच्या पृष्ठापर्यंत एकोणीस आले. मिस्त्री स्वतःच्या अंदाजाने लावू लागला तर हा आकडा त्याला लिहून द्या.