स्कूटरवर काय बसतं? गोव्यात आउटडोअरला जाण्यासाठी सामान निवडताना

ऑक्टोबर सरत आला, पावसाने पाठ फिरवली की फोंड्यातल्या माझ्या चित्रकलेच्या क्लासमध्ये हमखास कोणीतरी विचारतं, "सर, आउटडोअरसाठी कुठला ईझल घेऊ?" आउटडोअर म्हणजे बाहेर उघड्यावर चित्र काढणं, आणि ईझल म्हणजे चित्र उभं धरणारी घोडी. मी उलट विचारतो, "जाणार कशाने?" गोव्यात याचं उत्तर दहातले आठजण 'स्कूटरने' असंच देतात. म्हणजे पायाजवळची जागा, मागची सीट आणि पाठीवरची सॅक, एवढ्यात जे मावेल ते आपलं.

बाजारात मुख्यतः चार गोष्टी मिळतात: लाकडी फ्रेंच बॉक्स ईझल, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसणारी छोटी पोशाड पेटी, ॲल्युमिनियमचा घडीचा ईझल आणि मांडीवर धरायचा बोर्ड.

फ्रेंच बॉक्सचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथिलाची दाबायची ट्यूब काढली, तैलरंग घराबाहेर नेणं सोपं झालं, आणि पुढे अशा पेट्यांची चलती झाली. खण, पॅलेट, तीन पाय, सगळं एकातच. साधारण ३० इंच उंचीचा कॅनव्हास आरामात उभा राहतो, आणि चार पावलं मागे जाऊन चित्र बघता येतं. हे सुख दुसऱ्या कशात नाही. पण रिकामी पेटीच ५–६ किलोची. त्यात रंग, टर्पेंटाइन, चिंध्या भरा आणि हणजूणच्या खडकांवरून चालून बघा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खण असा अडकतो की दोघांनी ओढावा लागतो. कडांना मेणबत्ती घासून ठेवली तर निभावतं. ओला कॅनव्हास बाहेरच्या बाजूला अडकवावा लागतो, आणि खरी गंमत तिथे आहे. एकदा संध्याकाळी मांडवी पुलावर माझ्या पाठीवरच्या कॅनव्हासचं शीड झालं, स्कूटर हातभर सरकली. घरी आल्यावर पाहिलं तर आकाश माझ्या शर्टावर उतरलेलं. गाडी असेल आणि गाडीपासून पन्नास पावलांवर उभं राहून मोठं चित्र करायचं असेल, तर जरूर घ्या. नाहीतर ती घरच्या व्हरांड्यात शोभते.

पोशाड पेटीचं झाकण उघडलं की त्यावर पॅनल, म्हणजे चित्राची फळी बसते, खाली पॅलेट. ८×१० पासून ११×१४ इंचांपर्यंतचं काम तिच्यात होतं, ट्रायपॉड धरून वजन ३–४ किलो. अनेक पेट्यांच्या झाकणात दोन ओले पॅनल सरकवायच्या खाचा असतात. स्कूटरवाल्या तैलरंगकारासाठी एवढ्या एका कारणाने ती फ्रेंच बॉक्सच्या पुढे जाते. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू सहसा पाव इंचाचा असतो, त्यामुळे घरात पडून असलेला ट्रायपॉडही चालतो. फक्त तो किती किलो पेलतो ते आधी बघा, मोबाइलसाठीचे हलके ट्रायपॉड पेटीखाली डुलतात. दुकानात पेटी उघडून झाकण अर्ध्यावर सोडा आणि वर बोटाने दाबा. हळूहळू खाली बसलं, तर बिजागरी कच्ची. चित्र रंगात आलं की नेमकं तेव्हाच ते मान टाकतं. हातचा सुतार असेल तर प्लायची पेटी करून घेणं स्वस्त पडतं, पण बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी घालायला सांगा. समुद्राच्या हवेत लोखंड एका मोसमात गंजतं. पितळ फार तर हिरवं पडतं.

ॲल्युमिनियमचा ईझल हलका, स्वस्त, आणि क्लासच्या अंगणात उत्तम. किनाऱ्यावर मात्र नेऊ नका. मांद्रेला माझ्या ईझलच्या एकात एक सरकणाऱ्या पायांत वाळू शिरली, ती आजही करकरते. शिवाय दुपारी समुद्रावरून वारा सुटला की कागदासकट तो आडवा होतो. मधल्या दांड्याला पाण्याची बाटली किंवा दगडाची पिशवी टांगली तर थोडा धीर धरतो.

राहिला मांडीवरचा बोर्ड. पाव शीट, म्हणजे ११×१५ इंच, ३०० जीएसएमचा कागद, चार कोपऱ्यांना चार क्लिपा, पॅनची, म्हणजे जलरंगाच्या वड्यांची डबी, पाण्याची बाटली आणि फोल्डिंग स्टूल. सगळं मिळून दोन-अडीच किलो. जलरंगाला बोर्ड जवळजवळ आडवाच हवा असतो, तो मांडीवर आपोआप तसा राहतो. तोटा पाठीचा: दीड तासाने कंबर बोलते. मागे सरून बघता येत नाही, म्हणून मी मधेच बोर्ड भिंतीला टेकवून चहा पिऊन येतो. अर्ध्या शीटचा हट्ट इथे करू नये.

आता हेच सामान तीन जागी ठेवून बघा. पणजीतल्या जुन्या फोंताइन्हास वस्तीच्या गल्ल्या अरुंद, त्यात फोटो काढणाऱ्यांना तिथले लोक कंटाळलेले. फ्रेंच बॉक्सचे तीन पाय पसरले की स्कूटर जाईना. तिथे बोर्डच, तोही कुणाच्या पायरीवर बसायचं तर विचारून. दिवाडी बेटावर रायबंदरहून फेरीबोटीने जायचं, मग खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या बांधावरून चालत मानशीपर्यंत, म्हणजे पाणी अडवायच्या झडपेपर्यंत. बोर्ड किंवा पोशाड दोन्ही चालतात, आणि तैलरंगात त्या चिखलाचा करडा रंग जास्त खुलतो असं माझं मत. हणजूणला वाऱ्याशी गाठ, म्हणून पाय रुंद पसरलेला, वजन टांगलेला ट्रायपॉडच.

छत्रीबद्दल थोडं. रंगीत छत्री कागदावर आपला रंग पाडते, पांढरी किंवा काळी घ्या, आणि ती ईझलला बांधू नका, दोन्ही मिळून उडतात. भर उन्हात काम केलं तर डोळे दिपतात आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं, म्हणून सावली शोधाच. फक्त माडाखाली बसू नका, नारळ ओळख विचारून पडत नाही.

फोंड्यातल्या माझ्या मुलांना मी पहिलं वर्ष बोर्डावरच काढायला सांगतो, आणि तैलरंगाची ओढ टिकली तर मग पोशाड. पुण्या-मुंबईहून चार दिवस येणार असाल तर एक लक्षात ठेवा: टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही, रेल्वेतही ज्वलनशील वस्तूंना मनाई आहे. ते पणजीत किंवा मडगावात उतरल्यावरच घ्या. आणि परतताना ओले पॅनल कुठे ठेवणार ते ठरलं नसेल, तर सरळ जलरंगाची डबी उचला.