पोकलेनमधील कॅन लाइनचा बिघाड: भोसरीच्या एका फिरत्या इलेक्ट्रिकल सेवेचा अनुभव

वाघोली परिसरातील आमच्या खडीच्या खाणीत रॉक ब्रेकर लावलेले एक २० टनी पोकलेन चालते. त्याच्या मॉनिटरवरील आकडे अधूनमधून गायब होऊन नुसत्या रेघा दिसत, बझर वाजू लागे, इंजिनाचा आरपीएम आपोआप उतरे आणि किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की मशीन काही काळ निमूट काम करी. फॉल्ट कोड दरवेळी एकच येई: एसपीएन (बिघाड कशात आहे तो क्रमांक) ६३९, एफएमआय (बिघाडाचा प्रकार) ९. आधी ज्या सर्व्हिस सेंटरला बोलावले होते, त्यांनी हा कोड वाचून थेट मॉनिटर बदलण्याचे कोटेशन पाठवले. ते मान्य करण्यापूर्वी आणखी एक मत घ्यावे, म्हणून भोसरीहून साइटवर येणाऱ्या या फिरत्या सेवेला पाचारण केले.

त्यांच्या तंत्रज्ञाने लॅपटॉप उघडण्यापूर्वी मल्टिमीटर काढला, आणि माझ्या मते या सेवेचे सगळे मोल याच सवयीत आहे. ६३९ हा क्रमांक कोणत्याही एका सेन्सरचा नसून जे-१९३९ या जाळ्याचाच, म्हणजे मशीनमधले कंट्रोलर ज्या कॅन लाइनवरून एकमेकांना संदेश पाठवतात तिचाच आहे. एफएमआय ९ चा अर्थ इतकाच, की अपेक्षित संदेश ठरलेल्या वेळात पोहोचत नाहीत. इंजिनाचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कंट्रोलर), हायड्रॉलिक पंपाचा कंट्रोलर आणि मॉनिटर हे सर्व एकाच पिळाच्या जोडवायरवर बोलत असतात. त्यामुळे ज्याला संदेश ऐकू आला नाही तो तक्रार नोंदवतो, परंतु वायर नेमकी कुठे तुटली हे तो सांगू शकत नाही. मॉनिटरने तक्रार केली म्हणून मॉनिटरच बदलायचा, हा सल्ला का महागात पडतो ते यावरून ध्यानात येईल.

बॅटरीचा कट-ऑफ बंद करून, सर्व कंट्रोलर झोपेपर्यंत थांबून, त्यांनी केबिनमधील नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांमधला रोध मोजला. लाइनच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोकाचा रोधक, असतो आणि ते दोन समांतर येत असल्यामुळे निरोगी लाइनवर ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर मीटरपर्यंत पोहोचत नाही, ४० च्या आसपास दिसले तर कोणीतरी तिसरा जादा बसवला आहे, आणि शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. आमच्या मशीनवर आकडा ६० आला. इथे घाईचा माणूस लाइन ठीक आहे म्हणून मोकळा झाला असता. यांनी मात्र मीटर तसाच लावून ठेवला, मदतनिसाला हार्नेस (वायरींचा जुडगा) ठिकठिकाणी हलवायला सांगितले, आणि केबिनच्या तळाखालून इंजिनाकडे जाणाऱ्या क्लॅम्पपाशी हात पोहोचताच आकडा ६० वरून १२० वर उडी मारू लागला.

क्लॅम्प सोडल्यावर दिसले ते असे: ब्रेकरच्या सततच्या हादऱ्यांनी क्लॅम्पचे रबर झिजून गेले होते, पत्र्याच्या कडेने नालीदार नळी कापली होती आणि आतल्या पिवळ्या वायरीच्या तारांपैकी एकही शाबूत नव्हती. मशीन उभे असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत, आणि ब्रेकर चालू झाला की सुटत. जवळच्या कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट थरही चढला होता. प्रेशरने मशीन धुताना पाणी थेट कनेक्टरवर मारण्याचा तो प्रसाद, असे त्यांनी ऑपरेटरला तिथल्या तिथे दाखवले.

दुरुस्तीही नेटकी होती. खराब तुकडा कापून तेवढाच नवा तुकडा जोडला, दोन्ही वायरींचा मूळचा पीळ कायम ठेवला, सांधे क्रिंप करून त्यांवर हीट श्रिंक चढवली आणि क्लॅम्पची जागा पत्र्याच्या कडेपासून दूर सरकवली. त्यानंतर किल्ली फिरवून दोन्ही वायरींचे व्होल्टेज मोजले. संदेश नसताना दोन्ही अडीच व्होल्टवर असतात आणि संदेश जाताना त्यांपैकी एक, कॅन-हाय, साडेतीनकडे चढते तर दुसरी, कॅन-लो, दीडपर्यंत उतरते. मल्टिमीटर फक्त सरासरी दाखवत असल्याने त्यांनी व्होल्टेजच्या लहरी दाखवणारा हातातला स्कोप लावून दोन्ही लहरी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या येतात याची खात्री करून घेतली, तीही ब्रेकर चालू ठेवून. बॅटरीचे व्होल्टेज आणि चासीचे अर्थिंग त्यांनी आधीच तपासले होते, कारण स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेले तर कंट्रोलर क्षणभर गप्प होतात आणि हाच कोड येऊ शकतो.

आमच्याकडे बकेटच्या दातांचे वेल्डिंग साइटवरच होते, हे पाहून त्यांनी न विचारताच एक सूचना केली: वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढावी, कंट्रोलरचे कनेक्टर सोडावेत आणि वेल्डिंग मशीनची अर्थिंगची वायर जोडाच्या अगदी जवळ लावावी. खाणीवर हे कोणी पाळत नाही, हे मी रोज पाहतो.

आता उणिवा. त्यांच्याकडील सॉफ्टवेअर जे-१९३९ चे सर्वसामान्य कोड वाचते. कंपनीचे स्वतःचे कोड, पंपाचे कॅलिब्रेशन किंवा नव्या कंट्रोलरचे प्रोग्रॅमिंग त्यांना जमत नाही. हे त्यांनी फोनवरच स्पष्ट सांगितले होते, म्हणून तक्रार नाही, पण कंट्रोलरच जळला असेल तर अधिकृत डीलरकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. तपासणीचे शुल्क वेगळे आहे आणि दुरुस्ती दुसरीकडे करून घेतली तरी ते द्यावे लागते. मला ते रास्त वाटते, कारण खरी मेहनत शोधण्यातच आहे. खटकले ते दोन बाबतींत. बिलासोबत दिलेल्या कागदावर मोजमापे हाताने लिहिलेली होती, परंतु सांधा नेमका कुठे केला त्याचा फोटो किंवा खूण नव्हती. पुढच्या मेकॅनिकला ती जागा पुन्हा शोधत बसावे लागेल. शिवाय त्यांचा फोन सकाळी लवकर लागत नाही, आणि खाणीचे काम तर सूर्य उगवायच्या आधी सुरू होते.

कोड येतो-जातो, मशीन मध्येच मंदावते आणि कोणी महागडा भाग बदलायला सांगत आहे, अशा परिस्थितीत या सेवेला बोलवावे. हायड्रॉलिकची गळती, पंपाचा दाब किंवा इंजिनाचे यांत्रिक काम असेल तर बोलावू नये. ते त्यांचे क्षेत्र नाही. पाचपैकी चार गुण. फोन करताना मशीनचे मॉडेल, कोडचा फोटो आणि बिघाड कोणते काम चालू असताना येतो ही माहिती हाताशी ठेवावी, कारण पहिला प्रश्न ते हाच विचारतात.