जुन्या विंडोज ७ वर स्वतःचे आयकॉन: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

मशीन जुनं आहे: २ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज ७. इंदूरच्या घरात ते मुख्यतः ज्येष्ठ मंडळी वापरतात. त्यांच्यासाठी दिवाळीत मोठे आयकॉन आणि खाली 'लाइटबिल', 'पंचांग', 'नातवंडांचे फोटो' अशी मराठी नावं केली. पावसाळा अर्धा सरला तरी मांडणी टिकून आहे आणि रोज वापरात आहे. वेगळं आयकॉन-पॅक (तयार आयकॉनांचा संच) लागलं नाही. ते घालूही नये, कारण त्यातली बरीच पॅकं सिस्टिमच्या डीएलएल फाइलीच (विंडोजला चालायला लागणाऱ्या) बदलून टाकतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की निम्मी डोकेदुखी वाचते. शॉर्टकटमध्ये चित्र नसतं, चित्राच्या फाइलीचा फक्त पत्ता असतो. आयको फाइल (आयकॉनच्या चित्राची फाइल) पेन ड्राइव्हवर किंवा डाउनलोड्समध्ये राहिली आणि कुणी साफसफाई केली, की आयकॉनच्या जागी पांढरा कोरा कागद येतो. म्हणून सी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, सगळ्या आयको फाइली तिथे ठेवा आणि मगच शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन, ब्राउझ. फोल्डरसाठी हेच बटण कस्टमाइझ टॅबमध्ये मिळतं.

पीएनजी या साध्या चित्र-फाइलीचं एक्स्टेन्शन (नावाचं शेपूट) बदलून आयको होत नाही. गिंप या मोफत चित्र-प्रोग्राममध्ये १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेलचे चार लेयर (थर) करून आयको म्हणून एक्स्पोर्ट करा. प्रत्येक लेयर एक आकार होतो. पीएनजी कॉम्प्रेशनची खूण फक्त २५६ च्या लेयरला. विंडोज ७ मध्ये मध्यम आयकॉन ४८ चा आणि मोठा ९६ चा दिसतो, त्यामुळे २५६ चा लेयर नसेल तर मोठ्या आकारात चित्र धूसर होतं. चष्मेवाल्यांना ते लगेच खटकतं. आकार बदलायला डेस्कटॉपवर कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा.

मराठी नावं एफ२ दाबून थेट लिहिता येतात, फॉन्ट आधीपासून असतोच. नाव दोन ओळींत मावलं नाही तर शेवटी तीन टिंबं येतात, तेव्हा दोन शब्दांवर थांबा. अक्षरं बारीक वाटली तर पर्सनलाइझ, विंडो कलर, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे आयटममध्ये आयकॉन निवडून फॉन्ट वाढवा. नावं एकमेकांवर चढली तर त्याच यादीत आयकॉन स्पेसिंग आहे.

आता पावसाळ्याचा त्रास. लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असली, की मशीन धाडकन बंद पडतं. विंडोज ७ आयकॉनकॅश डॉट डीबी ही आयकॉनच्या चित्रांच्या साठ्याची (कॅशची) फाइल शटडाउनच्या वेळी लिहितं. ती अर्धवट राहिली तर भलत्याच प्रोग्रामला भलतं चित्र दिसतं. उपाय असा: आधी फोल्डर ऑप्शन्समधून लपलेल्या फाइली दाखवा. मग सी, यूझर्स, आपलं नाव, ॲपडेटा, लोकल इथे जाऊन ती फाइल पुसा. लगेच टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर डॉट ईएक्सई (डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) एन्ड प्रोसेस करा, आणि फाइल, न्यू टास्कमध्ये एक्सप्लोरर टाइप करा. पुसल्यावर नुसतं लॉग-ऑफ करू नका. मेमरीतला बिघडलेला साठाच परत फाइलीत उतरतो आणि 'उपाय चालत नाही' असं वाटतं.

सगळेच शॉर्टकट एकाच प्रोग्रामचं चित्र दाखवू लागले तर तो कॅशचा दोष नव्हे. कुणीतरी शॉर्टकटला 'ओपन विथ' लावलेलं असतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) करंट यूझरखाली फाइलएक्स्ट्स, डॉट एलएनके इथली यूझरचॉइस ही 'की' (नोंदींचा कप्पा) काढली आणि लॉग-ऑफ केलं की सुटतं. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा.

रिसायकल बिन मात्र हट्टी आहे. स्वतःचा आयकॉन दिला की भरली-रिकामी हा बदल एफ५ दाबेपर्यंत दिसत नाही. रजिस्ट्रीत ६४५एफएफ०४० ने सुरू होणाऱ्या कीखालच्या डिफॉल्टआयकॉनमध्ये तिन्ही पत्त्यांच्या शेवटी स्वल्पविराम आणि शून्य जोडा, मग दिसतो. आयकॉन निवडण्याच्या खिडकीतली 'थीमला आयकॉन बदलू द्या' ही खूणही काढा, नाहीतर थीम बदलली की सगळी मेहनत पुसली जाते.

आयकॉन आपोआप नाहीसे होण्याचं कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. विंडोज ७ ची देखभाल दर आठवड्याला चालते, आणि डेस्कटॉपवर चारांहून जास्त तुटके (मूळ फाइल न सापडणारे) शॉर्टकट सापडले तर ते सगळे काढून टाकते. न लावलेल्या बाहेरच्या डिस्ककडे जाणारा शॉर्टकटही तिला तुटकाच वाटतो. फोटो बाहेरच्या डिस्कवर ठेवणाऱ्या घरांनी कंट्रोल पॅनेल, ट्रबलशूटिंग, चेंज सेटिंग्जमध्ये कॉम्प्युटर मेंटेनन्स ऑफ करावं.

टीव्ही जोडला आणि रेझोल्यूशन बदललं की आयकॉन विस्कटतात. डेस्कटॉपओके हा छोटा मोफत प्रोग्राम जागा जतन करतो. इन्स्टॉल करावा लागत नाही, आणि या मशीनवर त्याचा भार जाणवला नाही. शॉर्टकटवरचा बाण काढायच्या फंदात मात्र पडू नये. त्यासाठी सुचवली जाणारी रजिस्ट्रीतली इझशॉर्टकट ही नोंद पुसली की टास्कबारवर पिन केलेले प्रोग्राम बिघडू शकतात.

विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट (सुरक्षा अपडेट) १४ जानेवारी २०२० ला संपला आहे, तेव्हा डेस्कटॉपवर बँकेचा आयकॉन ठेवलेला नाही.