मडुरो टोरो, काही महिन्यांनंतर: तंबाखूला ९१, डिंकाला शून्य

ही एका मडुरो सिगारची, म्हणजे काळपट मुरवलेल्या पानात गुंडाळलेल्या सिगारची गोष्ट. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कंपनी लहान आहे, मालक अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेला आहे आणि पुढे तक्रार बरीच आहे. मडुरो ओढणाऱ्यांनी वर्णनावरून ओळखलं तर ओळखलं. सहा इंची टोरो (हे आकाराचं नाव), ५२ रिंग (म्हणजे जाडी, एक रिंग इंचाचा चौसष्टावा भाग), वरचं पान (रॅपर) कनेटिकट ब्रॉडलीफ जातीचं, आत निकाराग्वाची तंबाखू, वळलेली तिथल्याच एस्तेली गावात.

सिगारला कागदाच्या दोन पट्ट्या. वरच्या पट्टीवर गरुड आणि तारे, खालचीवर मालक माजी सैनिक असल्याचा मजकूर. दोन्ही इतक्या सढळ हाताने चिकटवल्यात की डिंक कागदावरून थेट पानावर उतरलाय. शेवटच्या तिसऱ्या भागाशी आलात, पट्टी काढायला गेलात, की तिच्याबरोबर रॅपरचा तुकडाही सोलून येतो. मग त्या भोकातून हवा शिरते, ड्रॉ (धूर ओढला जाणं) जातो, आणि सिगार ऐन रंगात असताना ठेवून द्यावी लागते. वीस नगांचा बॉक्स २४० डॉलरला पडला. नगाला १२, तिसरा भाग गेला की ४ डॉलर राखेत. अख्ख्या बॉक्सचे ८० झाले. एवढ्यात आमच्या एडिसनमध्ये (न्यू जर्सी) महिनाभराची भाजी येते असं बायकोचं म्हणणं आहे. येत नाही, पण मुद्दा कळला.

आणि हा दर स्वस्तातला बरं का. न्यू जर्सीत सिगारवर घाऊक किमतीच्या ३० टक्के कर लागतो, पेनसिल्वेनियात सिगारवर वेगळा तंबाखू-कर नाही, नुसता विक्रीकर द्यायचा. म्हणून डेलावेअर नदीपलीकडच्या दुकानातून घेतला. तो वाचवलेला पैसा डिंकाने खाल्ला.

चव म्हणाल तर पहिल्या काही सिगारना मी शंभरपैकी ८४ गुण दिले होते. मिरीचा ठसका, ओली माती, थोडं डार्क चॉकलेट, आणि मागे एक कच्चट कडवटपणा. जळणंही वाकडं, एक बाजू पुढे पळतेय, दुसरी तिथेच, दर दहा मिनिटांनी लायटर. ब्रॉडलीफचं हे दुखणं जुनं आहे. हे पीक सावलीच्या कापडाखाली नाही, उघड्या उन्हात वाढतं, अख्खं ताट कापून कोठारात टांगतात, पान जाड आणि तेलकट होतं. जाड असतं म्हणून तर ढिगात घालून जास्त दिवस, जास्त उष्णतेत मुरवता येतं आणि तो काळपट रंग चढतो. पण असं पान ओल धरून ठेवतं आणि सावकाश जळतं. दुकानात ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते, तिथून आणून लगेच पेटवलीत तर रडणारच.

उरलेल्या सिगार झाकणाच्या हवाबंद डब्यात ६५ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासोबत ठेवून विसरलो. उन्हाळा गेल्यावर काढल्या आणि मत बदललं. कडवटपणा गायब, मिरी मागे सरकलेली, मधल्या भागात स्वच्छ काकवी आणि कडक कॉफी. धूर नाकातून सोडला तरी टोचत नाही. राख दीड इंच उभी राहते, रेघ सरळ. ९१ देतो, हात न आखडता. (हे आमच्या डॉक्टरांना दाखवू नका.)

पट्टी मात्र तशीच. फोटो काढून कंपनीला मेल केली. आधी यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं, मग चक्क मालकाचं. म्हणे, आग जवळ येऊ द्या, उष्णतेने डिंक सैल होतो. सोबत दोन सिगार फुकट पाठवल्या. माणूस भला आहे, वादच नाही. उष्णतेचा उपायही खरा आहे, पण डिंक फक्त कागदाच्या टोकाला लावलेला असेल तर. इथे तो पानालाच माखलाय. फुकट आलेल्या दोन्हींचे रॅपर तसेच फाटले.

माजी सैनिकाचा माल म्हटलं की माझा हात सैल सुटतो, हे खरं. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पितळी बिल्ल्याला ब्रासो लावताना खाली पुठ्ठा सरकवायचे, कापडाला डाग नको म्हणून. तेवढी काळजी गरुडवाल्यांनी घ्यावी. आमच्या निपाणीकडची बिडीसुद्धा टेंभुर्णीच्या पानात वळून दोऱ्याने बांधतात. चिठ्ठी चिकटवायची ती बंडलाच्या कागदावर, पानाला कुणी डिंक लावत नाही. आणि बिडी किती स्वस्त!

बाकी एस्तेलीच्या कारागिरांना दोष नाही. १९७९च्या लढाईत हे गाव बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झालं, १९८५ ते १९९० अमेरिकेने निकाराग्वाचा मालच बंद केला होता, आणि आज अमेरिकी फौजीच्या गरुडाखालची सिगार तिथेच वळली जाते. वळण सुरेख आहे, एकाही नगात धूर अडवणारी गाठ लागली नाही.

सध्या मी पेटवण्याआधीच धारदार ब्लेडने पट्टी उभी चिरतो आणि पानाला चिकटलेला कागद तसाच सोडतो. दिसायला वाईट, पण शेवटपर्यंत ओढता येते. पुढच्या वेळी बॉक्स नाही, पाच नगांचा पॅक घेणार. ६० रिंगची जाडजूड आवृत्ती येतेय म्हणे. ती नको. दोन तास थंडीत डेकवर कोण बसणार, आणि तिला पट्ट्या तीन असल्या तर?