१९३२ फोर्ड कूपचे १:२५ किट: काही महिन्यांच्या जोडणीनंतरचे मत

१९३२च्या फोर्ड थ्री-विंडो कूपचे (दोन दारांच्या आणि एक मागची, अशा तीन काचांची बंद गाडी) १:२५ प्रमाणातले प्लास्टिक किट मी गेल्या हिवाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या हॉबी शॉपमधून घेतले आणि तेव्हापासून संध्याकाळचा मोकळा वेळ बहुतांशी त्यावरच गेला. एक गाडी पूर्ण होऊन कपाटात गेली आहे आणि त्याच किटची दुसरी प्रत सध्या टेबलावर आहे. एकाच साच्यातून निघालेले भाग वर्षानुवर्षे वेगवेगळ्या खोक्यांतून विकले जातात, त्यामुळे येथे कंपनीविषयी न लिहिता खोक्यातल्या भागांविषयीच लिहितो.

प्रथम कसोटी सांगतो. विमानाच्या किंवा रणगाड्याच्या किटमध्ये भाग सूचनापत्रिकेबरहुकूम किती बिनचूक बसतात यावर निकाल देता येतो, पण हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाडीच्या, बाबतीत ते माप अपुरे पडते. कारखान्याने एक गाडी विकली आणि मालकाने तिचे मडगार्ड उतरवून, इंजिन बदलून, छत कापून दुसरीच गाडी केली, हाच या परंपरेचा सारा इतिहास असल्यामुळे, सूचनापत्रिका बाजूला ठेवल्यावरही जे किट हाताखाली नीट वागते तेच चांगले, असे मी मानतो. अमेरिकेतल्या एएमटी कंपनीने १९५८ पासून एकाच खोक्यातून तीन प्रकारे गाडी बनवता येईल अशी किट विकायला काढली, म्हणजे मुलांच्या हाती जादा भाग देण्याची ही रीत जुनीच आहे. माझ्या किटमध्ये दोन रेडिएटर ग्रिल, दोन प्रकारची चाके आणि मडगार्डचा पूर्ण जोड येतो. मडगार्ड लावायचे की नाही हे आपण ठरवायचे.

गाडीची बॉडी हा या किटचा सर्वांत भक्कम भाग आहे. मूळ गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) १०६ इंच, म्हणजे या प्रमाणात सुमारे १०७.७ मिलिमीटर, कॅलिपर लावून पाहिले तेव्हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच निघाला. दाराच्या रेषा पुरेशा खोल असल्याने रंगाच्या थरांखाली बुजत नाहीत, आणि थ्री-विंडोच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात हा तपशीलही साचा करणाऱ्याने जपला आहे. चॅसीच्या बाजूच्या पट्टीवरची उठावाची रेषा तर विशेष सुबक उतरली आहे. ही रेषा महत्त्वाची का, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. १९३२च्या फोर्डमध्ये चॅसीची कड झाकणारा पत्रा नव्हता, चॅसीची पट्टीच बाहेरून दिसत असे आणि म्हणून तिला कारखान्यातच देखणा आकार दिलेला होता. मडगार्ड आणि फूटबोर्ड काढून टाकले तरी गाडी उघडीबोडकी दिसत नाही, उलट चॅसीवर रुबाबात बसलेली दिसते. हायबॉय म्हणतात ती हीच. पुढच्याच वर्षी फोर्डने व्हीलबेस ११२ इंचांवर नेला आणि रचना बदलली, त्यामुळे हा आकार एकाच सालाचा राहिला. ज्या किटमध्ये ही पट्टी सपाट किंवा बोथट असेल ते इतर बाबतींत कितीही चांगले असले तरी मी घेणार नाही.

इंजिनावर माझा सर्वाधिक वेळ गेला आणि तक्रारीही तिथेच जास्त आहेत. मूळ गाडीत २२१ घन इंचांचे, ६५ अश्वशक्तीचे फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच असलेले आठ सिलिंडरांचे इंजिन, होते. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत एकसंध ओतलेल्या ब्लॉकचे व्ही-८ देणे ही हेन्री फोर्डची त्या वर्षीची मोठी बाजी होती. याच इंजिनावर पुढे विक एडलब्रॉक, एड इस्केंडेरियन अशा मंडळींनी मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधले मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग) आणि कॅमशाफ्ट बनवून आपले धंदे उभे केले. किटमधल्या इंजिनाला पंख्यांसारख्या पट्ट्यांची हेड, तीन कार्ब्युरेटरचे मॅनिफोल्ड आणि वेगळा जनरेटर मिळतो. कार्ब्युरेटर हॉट रॉडवाल्यांच्या आवडत्या स्ट्रॉमबर्ग ९७च्या घडणीचे आहेत हे वरचे भोक पाहूनच कळते. एवढे सगळे छान असताना एक्झॉस्टच्या बाबतीत मात्र घोटाळा आहे: प्रत्येक बाजूला चार नळ्यांचा हेडर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड, दिलेला आहे. फोर्डच्या फ्लॅटहेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरांचा धूर ब्लॉकच्या आतच एकत्र होतो आणि बाहेर प्रत्येक बाजूला तीनच तोंडे दिसतात. हा धूर ब्लॉकमधून फिरून बाहेर पडत असल्यामुळेच ही इंजिने लवकर तापत, म्हणजे ही तीन तोंडे म्हणजे या इंजिनाच्या स्वभावाचीच खूण आहे, आणि जाणकाराची नजर सर्वांत आधी तिथेच जाते. मी दीड मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार वाकवून तीन नळ्यांचा हेडर केला. सोल्डर मऊ असते, हातानेच वळते आणि चपटी होत नाही. त्यासाठी वेगळे भाग विकत घेण्याची गरज नाही.

स्पार्क प्लगच्या वायरींचे काम मात्र वाटते त्यापेक्षा सोपे निघाले. जुन्या फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या अगदी पुढे, कॅमशाफ्टच्या टोकावर बसतो आणि वायरी हेडवरून जाणाऱ्या नळीतून नेलेल्या असतात. त्यामुळे आठ वायरींचा गुंता न करता दोन नळ्या आणि त्यांतून डोकावणारी टोके दाखवली की काम भागते.

छत उतरवणे, म्हणजे चॉप करणे, ही या बॉडीची खरी परीक्षा. खऱ्या गाडीवर तीन इंच कापायचे म्हणजे येथे तीन मिलिमीटर. बारीक दातांच्या पात्याने खांब कापताना प्लास्टिक भुसभुशीत होऊन तुटले नाही, कड स्वच्छ राहिली, आणि पातळ द्रव सिमेंटने सांधा एका रात्रीत पक्का झाला. १९३२च्या फोर्डची पुढची काच किंचित मागे झुकलेली असल्यामुळे छत सरळ खाली आणले की पुढची टोके जुळत नाहीत. तेवढा फरक छतात बारीक पट्टी घालून किंवा खांब थोडे मागे वाकवून भरून काढावा लागतो. काचेचा पारदर्शक भाग मात्र कापता येईल इतका पातळ नाही, तो टाकून देऊन ॲसिटेटचा तुकडा बसवणेच बरे.

गाडी कशी उभी राहते यावर निम्मे यश असते. सूचनापत्रिकेप्रमाणे जोडल्यास पुढचा भाग फार उंच राहतो आणि गाडी बावळट दिसते. पुढचा ॲक्सल चार इंचांच्या हिशेबाने, म्हणजे सुमारे चार मिलिमीटर, खाली वाकवलेला करून घेतला आणि मागे मोठे, पुढे लहान टायर लावले तेव्हा कुठे तिला तो पुढे झुकलेला डौल आला. हंटिंग्टन बीचला शनिवारी पहाटे एका डोनटच्या दुकानाच्या आवारात जुन्या गाड्या जमतात आणि पोमोनाला एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेचे संग्रहालय आहे. या दोन्ही ठिकाणी जमिनीच्या पातळीवरून काढलेले फोटो मला सूचनापत्रिकेपेक्षा अधिक उपयोगी पडले. किटच्या ॲक्सलचे भाग वेगवेगळे दिलेले असल्यामुळे हा बदल करता आला, याचे गुण मी किटला देतो.

क्रोमच्या भागांबद्दल थोडक्यात: मुलामा चकचकीत आहे, पण त्याखाली साच्याच्या रेषा तशाच राहिल्या आहेत. घरगुती ब्लीचमध्ये भिजवल्यास मुलामा निघतो आणि मग रेषा घासून धातुछटेचा रंग देता येतो. माझी गाडी मी युद्धोत्तर काळातल्या कोरड्या तळ्यांवर, म्हणजे एल मिराजसारख्या ठिकाणी धावणाऱ्या गाड्यांच्या वळणाची केली, आणि त्या गाड्या पळवणाऱ्या मुलांकडे क्रोमवर घालवायला पैसे नसत, त्यामुळे मला फारसे काही गमवावे लागले नाही. रंग लॅकरचा, वर क्लिअर कोट आणि नंतर ३२०० पासून १२००० ग्रेडपर्यंतच्या कापडी पॉलिश तुकड्यांनी ओले घासणे, हा क्रम लांबलचक असला तरी बॉडीचा गुळगुळीतपणा त्याला साथ देतो.

पिनस्ट्रायपिंगचे, म्हणजे बॉडीवरच्या बारीक शोभेच्या रेषांचे, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे) मात्र वापरू नयेत. व्हॉन डच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारागिराने १९५०च्या दशकात लॉस एंजलिसमध्ये ज्या बारीक रेषांना लौकिक मिळवून दिला, ती रेषा साधारण अष्टमांश इंचाची धरली तर या प्रमाणात ती ०.१३ मिलिमीटर भरते. किटमधली रेषा त्याच्या दुपटीहून जाड आहे, म्हणजे खऱ्या गाडीवर ती पाव इंचाहून रुंद दिसेल.

महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी कोणी हे किट अमेरिकेतून मागवणार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्प्रेचे डबे विमानातून सामानात नेता येत नाहीत, तेव्हा रंग भारतातच घ्यावा लागेल, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या दमट हवेत लॅकर मारल्यास त्यावर पांढुरकी झाक येते. जोडणी आणि घासकाम पावसाळ्यात उरकून रंग दिवाळीनंतर द्यावा.

किंमत चाळीस डॉलरच्या आत आहे आणि या भावात इतकी चांगली चॅसी व बॉडी मिळत असेल तर हेडर आणि डिकल मी सोडून द्यायला तयार आहे. अगदी पहिलेच किट म्हणून मात्र घेऊ नये. ज्याला सरळ जोडून कपाटात ठेवायची गाडी हवी आहे त्याच्या हाती उंच नाकाची, चुकीच्या धुराड्यांची कूप येईल. घेण्यापूर्वी शक्य असल्यास खोके उघडून दोन गोष्टी पाहाव्यात: काचेचा भाग ओरखडलेला नाही ना, आणि व्हिनिलचे टायर वेगळ्या पिशवीत आहेत ना, कारण जुन्या साठ्यातल्या खोक्यांत टायर बॉडीला टेकून राहिले असतील तर ते प्लास्टिकमध्ये वितळून खड्डे पाडतात आणि तो डाग पुट्टीने भरूनही लपत नाही.